एअरबोटची बॉडी आणि इंजिन: जोडी जमवताना या चुका टाळा

वैनगंगेच्या काठावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉल्या, गेट, थ्रेशरची दुरुस्ती हे रोजचं काम. गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात जलपर्णी पसरली (आमच्याकडे सगळे इकोर्नियाच म्हणतात) की वल्ह्यानं डोंगा हलत नाही. मोटर लावली तर पाण्यातल्या पंख्याला मुळ्या गुंडाळतात. मग कोणीतरी मोबाइलवर फ्लोरिडाच्या दलदलीत पळणारी एअरबोट पाहतो. पंखा हवेत, तळ सपाट, पाण्यात अडकायला काहीच नाही. आणि महिन्याभरात मला फोन येतो, "भाऊ, मारुतीचं इंजिन त भेटलं, आता बोट किती लांब बनवू?"

पहिली चूक तिथंच झालेली असते. आधी इंजिन घेतलं आणि मग त्याला बोट शोधायला निघालो. उलटं करा. किती माणसं, किती जाळी, पाणी किती उथळ ते ठरवा. त्यावरून बॉडी, बॉडीवरून वजन, वजनावरून धक्का (पंखा बोटीला पुढे ढकलतो तो जोर) आणि सगळ्यात शेवटी इंजिन.

वजनाचा हिशोब सोपा आहे. सपाट तळाचा १ चौरस मीटर १ सेंटिमीटर बुडाला की १० किलो वजन पेलतो. ४ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद तळ म्हणजे ७.२ चौरस मीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला ७२ किलो. ६०० किलोची बोट आठ-साडेआठ सेंटिमीटर बुडेल. तरंगेल, त्यात शंका नाही. पण तरंगणं वेगळं आणि पाण्यावर उठून पळणं वेगळं, हे मला पैसे घालवल्यावर समजलं.

मी पहिली बोट ३ मिलिमीटर एमएस (साध्या लोखंडी) पत्र्याची केली, कारण तो पत्रा दुकानात पडलेला होता. तळ, बाजू आणि वरचा थोडा भाग मिळून १२ चौरस मीटर पत्रा लागला, म्हणजे २८० किलो. इंजिन, रेडिएटर, रिडक्शन (पंखा इंजिनापेक्षा हळू फिरवणारी जोडणी) मिळून ११०, जाळीचा पिंजरा आणि सुकाणू ४०, पेट्रोल-बॅटरी ३०, दोन माणसं १३०. बेरीज ५९०. मामा (माजी मालगुजारी) तलावात सोडली तेव्हा काठावर अर्धं गाव जमलं होतं. इंजिन असं गरजलं की बगळे उडाले, आणि बोट मात्र पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी. नाक वर, शेपूट खाली, मागे लाटच लाट. एक म्हातारा ढिवर (मासेमार) काठावरून म्हणाला, "याच्यापेक्षा माहा डोंगा जोरात जाते ना."

तीच बॉडी ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमची केली असती तर पत्रा १०० किलोच्या आत बसला असता. पट्ट्या धरून १२० म्हणा. एकूण वजन ४३०.

आता धक्का पाहू. मारुतीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं जुनं इंजिन चांगल्या स्थितीत ३७ एचपी देतं. १.६ मीटरचा चांगला पंखा लावला तर उभ्या जागी १०५ ते ११५ किलोच्या आसपास धक्का मिळतो. माझा ठोकताळा असा: मोकळ्या पाण्यावर उठायला एकूण वजनाच्या निदान चौथा हिस्सा धक्का हवा, आणि जलपर्णी, चिखल, गाळपेर (पाणी हटल्यावर गाळात केलेली पेरणी) यांवरून जायचं असेल तर निम्म्याच्या जवळपास. ५९० किलोला ११० म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. ४३० किलोला तोच धक्का पुरतो, पण मोकळ्या पाण्यापुरताच. जलपर्णी तुडवायची असेल तर या इंजिनाचा नाद सोडा, किंवा एकट्या माणसाची छोटी बोट करा.

"मग दुप्पट एचपी घेतो" ही पुढची चूक. पंखा तोच ठेवून एचपी दुप्पट केले तर धक्का दुप्पट होत नाही, साधारण १.६ पट होतो. इंजिनाचं वजन वाढतं ते वेगळंच. त्यापेक्षा पंख्याचा व्यास वाढवणं स्वस्त पडतं, पिंजऱ्यात जागा असेल तर. पण मोठा पंखा हळू फिरला पाहिजे. १.६ मीटरचा पंखा ५००० आरपीएमला थेट जोडला तर पात्याचं टोक सेकंदाला ४१९ मीटर पळतं. आवाजाचा वेग साधारण ३५०. मग धक्का कमी, कर्कश आवाज जास्त, आणि पातं तुटायची भीती. २:१ रिडक्शन लावा, पंखा २५०० वर आणा.

पाती घरी पत्रा कापून वेल्ड करू नका. मी वेल्डर आहे, म्हणून सांगतो.

शेतपंपाचं ५ एचपीचं डिझेल इंजिन बसवू का, हेही दरवर्षी कोणीतरी विचारतं. शंभर किलोच्या वर लोखंड आणि एचपी फक्त पाच. ते धानाच्या बांधीला पाणी देऊ द्या.

बोट बनली आणि नीट चालत नाही, तर आधी लक्षण बघा. नाक वर आणि शेपूट खाली राहत असेल तर इंजिनाला दोष देण्याआधी बॅटरी आणि टाकी पुढे सरकवा. त्यानंही फरक पडला नाही, तर धक्का कमी आहे. उलट थ्रॉटल दिल्याबरोबर नाक खाली दबत असेल तर पंखा फार उंच बसवला आहे.

बोट एका बाजूला कलते? पंख्याच्या पिळाचा उलटा झटका आहे तो. ३७ एचपी २५०० आरपीएमला देताना हा झटका ६० किलोच्या माणसानं मधल्या रेषेपासून १८ सेंटिमीटर सरकून बसण्याइतका असतो. रुंद बोटीत कळतही नाही. १.२ मीटरच्या अरुंद बोटीत, उंच सीटवर, वळताना चांगलाच कळतो. पंखा मागून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरत असेल तर बोट डावीकडे कलेल, मग टाकी उजवीकडे घ्या.

मार्चमध्ये पळणारी बोट मे महिन्यात जड वाटते, तेव्हा लोक कार्ब्युरेटर खोलून बसतात. ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ती हवा नऊ-दहा टक्के पातळ असते. पंख्याला पकड कमी, इंजिनालाही दम कमी. आणि पाणी आटून एअरबोटची खरी गरज पडते तीही मे महिन्यातच. म्हणून धक्क्याचं माप थंडीच्या सकाळी घेऊन खूश होऊ नका.

माप घ्यायला धान मोजायचा लटकता काटा पुरतो. बोट पाण्यात ठेवायची, मागून दोर, दोर आणि काठावरचं झाड यांच्यात काटा, आणि दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. १९०५ मध्ये कॅनडात ग्रॅहम बेलच्या मंडळींनी अशी पहिली बोट बांधली, तीही विमानाचं इंजिन आणि पंखे तपासायलाच. बॉडीचा पत्रा कापायच्या आधी इंजिन-पंखा चाकाच्या ट्रॉलीवर बांधून हेच करता येतं. मी आता पैसे घेण्याआधी हीच चाचणी करतो.

या बोटीला ब्रेक नाही, रिव्हर्स नाही. वेगात असताना थ्रॉटल एकदम सोडला तर मागून आपलीच लाट आत येते. म्हणून मागची भिंत बुटकी ठेवू नका. पिंजऱ्याची जाळी बारीक घ्या आणि गळ्यातला दुपट्टा घरी ठेवून या.