पूरक उपचारांसाठी मोबाइल कसा वापरावा : परिचारिकांसाठी आणि घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

संगीत, संथ श्वसन, हलका मसाज हे पूरक उपचार औषधांच्या जागी नव्हे, तर त्यांच्या जोडीला द्यायचे असतात. म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे आणि रुग्णाची संमती घ्यावी. शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती संगीताने कमी होऊ शकते, याला संशोधनाचा बऱ्यापैकी आधार आहे. मधुमेह मुळापासून घालवण्याचा दावा करणाऱ्या व्हिडिओंना तो नाही. ते रुग्णाला दाखवू नयेत.

पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांमध्ये वीज आणि रेंज दोन्ही अनेकदा एकदमच जातात. त्यामुळे ध्वनिफिती आदल्या दिवशीच डाउनलोड कराव्यात, पॉवर बँक भरून ठेवावी आणि ऐकवताना फ्लाइट मोड लावावा, नाहीतर रुग्णाचा डोळा लागत असतानाच फोन वाजतो. घरातला जुना मोबाइल या कामाला पुरतो. महागड्या ॲपची गरज मला तरी कधी भासलेली नाही.

काय ऐकवायचे हे मात्र रुग्णाला विचारूनच ठरवावे. बहुतेक तयार ध्वनिफितींमध्ये समुद्राच्या लाटांचा आवाज असतो आणि शहरी माणसाला तो शांतवतोही. पण ज्या घरातला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, वादळात होडी घेऊन अडकला होता, त्या घरातल्या बाईला तोच आवाज रात्रभर जागे ठेवू शकतो. तिला कदाचित गावच्या भजनी मंडळाचे भजन अधिक मानवेल. आवाज मंद ठेवावा. वॉर्डात शेजारच्या खाटेला त्रास होऊ नये म्हणून इअरफोन द्यावेत आणि ते प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक करावेत.

श्वसनासाठी स्वतःच्या आवाजात, रुग्णाच्या बोलीत, पाच मिनिटांची सूचना ध्वनिमुद्रित करावी. मालवणी आजीला छापील मराठीतल्या सूचनेपेक्षा ओळखीच्या सिस्टरचा आवाज जवळचा वाटतो. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, या हिशेबाने मिनिटाला सहा श्वास होतात. मोजणी जमत नसेल किंवा दम लागत असेल तर आग्रह धरू नये. चक्कर आल्यास लगेच थांबवावे.

मसाजचे व्हिडिओ पाहून हात चालवण्यापूर्वी त्वचा आणि पाय नीट पाहावेत. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा पायाला खोबरेल तेल लावून चोळणे धोक्याचे ठरू शकते. तेथे मोबाइलचा उपयोग डॉक्टरांना फोन करण्यापुरताच.

उपचाराआधी आणि नंतर नाडी, श्वासांची संख्या आणि 0 ते 10 या पट्टीवरील वेदना नोंदवाव्यात. आकडा सांगणे अवघड जात असेल, तर हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रपट्टी मोबाइलवर दाखवावी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर नाडीही दिसते, मात्र हात गार असेल किंवा नखांना रंग असेल तर आकडा चुकू शकतो, तेव्हा मनगटावर बोटे ठेवून मोजावी. नोंदी रुग्णालयाच्या प्रणालीत किंवा केसपेपरवर कराव्यात. रुग्णाचे नाव व छायाचित्र व्हॉट्सॲप गटात टाकू नये. कोणती फीत, किती मिनिटे, वेदना सातवरून पाचवर आली की तशीच राहिली, एवढे लिहिलेले असले की रात्रपाळीच्या परिचारिकेला रुग्णाला पुन्हा पहिल्यापासून विचारत बसावे लागत नाही.