पावसात पिकअप मिस मारते? आधी डेल्को उघडा

पाऊस लागला की जुन्या पेट्रोल पिकअप आमच्या परळच्या गॅरेजात यायला लागतात, आणि बऱ्याचदा मालकाने येण्याआधीच कार्ब्युरेटर खोलून ठेवलेला असतो. माझं कळकळीचं सांगणं आहे: हिंदमाताला रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून काढलेली गाडी मिस मारत असेल, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवत असेल, तर आधी करंट बघा, मग पेट्रोल.

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, प्रत्येक प्लगला करंट वाटून देणारा. ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवणाऱ्या कॉइलमधून डेल्कोच्या मधोमध येणारी जाड वायर त्याच्या झाकणातून, म्हणजे कॅपमधून, उपसा. इन्सुलेशनवाल्या पकडीने धरून तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. ठिणगी निळी, कडकडीत पडली तर दोष पुढे आहे: कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर, प्लगच्या वायरी. पिवळट, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर मागे जा: पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे), त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर, कॉइल.

कॅप आतून सुती फडक्याने कोरडी पुसा. पुष्कळ गाड्या एवढ्यावरच चालू होतात. पण घाई करू नका, कॅप उजेडात धरून निरखा. दोन टर्मिनलांच्या मधे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट तिथूनच पळतोय. ती घासून भागत नाही, कॅप बदला. मधला कार्बन बोटाने दाबून सोडा, स्प्रिंगने वर यायला हवा. वायरी एकेक करूनच काढा-लावा. महिंद्राच्या जुन्या हरिकेन इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2.

याच इंजिनात पॉइंटचा गॅप वीस थाउ (इंचाचे वीस हजारांश), म्हणजे 0.5 मिमी. पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणूनच फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घाला. गॅप बदलला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं, तेही तपासा. नवे पॉइंट लगेच जळत असतील तर आधी कंडेन्सर बदला.

एवढं करूनही मिसिंग राहिलं, तर रोटर धरून शाफ्ट आडवा हलवा. हाताला खडखड जाणवली, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश गेलं. मग गॅप कितीही सेट करा, टिकणार नाही. डेल्को उतरवून लेथवाल्याकडे द्या आणि नवं बुश शाफ्टच्या मापाने बसवून घ्या.