मायक्रोवेव्हची पॉवर कोणत्या पदार्थाला किती ठेवावी

फ्रीजमधली कढी गरम करायला ठेवली, ३० सेकंदांचं बटण चारदा दाबलं आणि कढी फुटली. कडेला उकळी, मध्ये गारच. बहुतेक घरांत हे होतं, कारण आपण फक्त वेळ कमी-जास्त करतो; पॉवर कायम १०० टक्क्यांवरच राहते.

आधी आपला ओव्हन किती वॅटचा आहे ते पाहा. मागच्या स्टिकरवर सहसा दोन आकडे असतात. इनपुट म्हणजे तो खेचतो ती वीज. पदार्थापर्यंत पोचते ती आउटपुट, आणि कामाची तीच. २० लिटरच्या साध्या ओव्हनला ती बहुधा ७०० ते ८०० वॅट असते. पाककृतीत ९०० वॅटला ३ मिनिटं लिहिलं असेल, तर ७०० वॅटच्या ओव्हनला जवळजवळ ४ मिनिटं लागतील.

आता ५० टक्के म्हणजे काय? साध्या ओव्हनमध्ये लहरी मंद होत नाहीत. त्या काही सेकंद पूर्ण जोरात चालतात, मग तेवढाच वेळ थांबतात. कान देऊन ऐकलंत तर घरघर बदललेली कळते. इन्व्हर्टर ओव्हनमध्ये मात्र जोर खरोखरच कमी होतो. ही मधली विश्रांती फार मोलाची आहे. लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, त्यापुढे आतपर्यंत उष्णता आपली हळूहळू सरकत जाते. तिला वेळ हवा.

पूर्ण पॉवर द्या ती पातळ, पाणीदार किंवा चपट्या पदार्थांना: पाणी, आमटी, सार, भाज्या वाफवणं. पापड ४० ते ६० सेकंदांत भाजून होतो. वाटीभर शेंगदाणेही पूर्ण पॉवरवरच, पण दर मिनिटाला हलवत चार-पाच मिनिटं. हवा तसा रंग येण्याच्या जरा आधीच काढा, बाहेरही ते भाजत राहतात.

भात, घट्ट वरण, भरली वांगी यांना ७० टक्के. भातावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा. भाजी ताटलीत मध्ये ढीग न करता कडेने पसरा. दूध ६०-७० टक्क्यांवर, उंच भांड्यात. तान्ह्या बाळाचं दूध मात्र यात गरम करूच नका. वरून कोमट वाटलं तरी मध्येच चटका बसेल इतकं तापलेलं असू शकतं.

कढी, पनीर, अंड्याची भुर्जी आणि चॉकलेट ५० टक्क्यांवर, ३०-३० सेकंदांनी ढवळत. लोणी ३० टक्क्यांवर. पोळीसाठी तवाच बरा, इथे ती चिवट होते.

सगळ्यात जास्त घाई होते ती गोठलेल्या पदार्थांत, आणि नुकसानही तिथंच होतं. बर्फ या लहरी फारशा शोषत नाही, पाणी भराभर शोषतं. त्यामुळे कडेचा बर्फ जरा वितळला की सगळी उष्णता तिथेच जाते: सुरमईच्या तुकडीची कड शिजते आणि पोट दगडासारखं राहतं. म्हणून ३० टक्के. अर्धा किलो मासे किंवा चिकन असेल तर सात-आठ मिनिटं. अर्ध्यावर उलटा, सुटलेले तुकडे बाजूला काढा, शेवटी दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि लगेच शिजवा. खोवलेल्या नारळाच्या डब्यालाही ३० टक्केच, पण मिनिटभर पुरतं. डबा काचेचा घ्या, स्टीलचा चालणार नाही.

पॉवर कोणतीही असो, उरलेलं अन्न अर्ध्या वेळेत ढवळा आणि झाल्यावर दोन मिनिटं झाकून ठेवा. मग मधोमध चमचा घालून पाहा. तिथूनही वाफ निघाली पाहिजे. नसेल तर त्याच पॉवरवर अजून एक मिनिट.