रोजच्या पेहरावातील या चुका टाळा: कोकणच्या दमट हवेत काय बिघडते

दुकानातील आरशासमोर पसंत पडलेला कुर्ता जुलै महिन्यात एस.टी.च्या थांब्यावर तसाच दिसेल, अशी अपेक्षा कोकणात ठेवू नये. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि पाऊस नसतो तेव्हाही समुद्रावरून येणारी खारी, ओलसर हवा अंगाला चिकटलेलीच असते. कोणत्या वर्णाला कोणता रंग खुलतो याची चर्चा आपण हौसेने करतो, परंतु आमच्याकडच्या बहुतेक चुका रंगाच्या नसून कापडाच्या, मापाच्या आणि सांभाळण्याच्या असतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली चूक कापडाची. ‘इस्त्री लागत नाही आणि लवकर वाळते’ म्हणून पॉलिस्टरचे कुर्ते सर्रास घेतले जातात. सामान्य हवामानात सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का. दोरीवर लवकर वाळण्याचा गुण त्यातूनच येतो, आणि अंगावरचा घाम कापडात न मुरता पाठीवर ओघळत राहण्याचा दोषही त्यातूनच. रोजच्या वापरासाठी मलमल किंवा साधे सुती कापड घ्यावे. पावसाळ्यात ते वाळत नाही ही तक्रार खरी आहे, म्हणून त्या दिवसांपुरते सुती-पॉलिस्टर मिश्र कापड चालवून घ्यावे.

रेयॉनचे दुखणे वेगळेच असते. ते घाम टिपते आणि अंगावर सुरेख पडते, पण ओले झाले की त्याची ताकद बरीच कमी होते. धुतलेला रेयॉनचा कुर्ता पाणी निथळत असताना खांद्याला चिमटे लावून पडवीत टांगला, तर पाण्याच्या भाराने तो खाली ओढला जातो आणि चार-सहा धुण्यांत पुढचा घेर एका बाजूला लोंबू लागतो. असा कुर्ता पिळू नये. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि दोरीवर मधोमध आडवा टाकावा.

आता मापाविषयी, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. शिंपिणीकडे माप म्हणून जुना ब्लाउज देण्याची आपली पद्धत सोयीची असली, तरी तो ब्लाउज दोन वर्षांच्या वापराने सैल झालेला असतो किंवा आपलेच अंग बदललेले असते, आणि मग जुना दोष नव्या कापडात जसाच्या तसा उतरतो. माझ्या एका ब्लाउजचा खांदा उतरत असे. तोच ब्लाउज नमुना म्हणून देत राहिल्याने पुढचे तीन ब्लाउजही तसेच शिवून आले, आणि दोष शिंपिणीला देण्याची सोयही मला उरली नाही. माप अंगावरूनच द्यावे, तेही नेहमीच्या अंतर्वस्त्रांवर. दुसरा गैरसमज मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईचा. हात वर करताना काचते म्हणून बायका मुंढा खोल करायला सांगतात, पण तो जितका खाली जातो तितका हात उचलताना सगळा कपडा वर खेचला जातो. भरल्या एस.टी.त वरची दांडी धरल्यावर ज्यांचा कुर्ता कमरेपर्यंत चढतो, त्यांनी मुंढा बगलेच्या जवळ ठेवून बाहीची रुंदी वाढवून घ्यावी. शिवणीत दोन्ही बाजूंना निदान इंचभर माया, म्हणजे आतले जादा कापड, सोडायला सांगण्यास तर मुळीच संकोचू नये.

अस्तर आणि साडीचा फॉल न भिजवता लावणे ही चूक लहान दिसते, पण साडी बिघडवते. सुती फॉल पहिल्याच धुण्यात आटतो, साडी तितकी आटत नाही, आणि काठाला कायमच्या चुण्या पडतात. फॉल रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच पिको-फॉलला द्यावा. परकर साडीपेक्षा दीड-दोन इंच आखूड असावा. त्याची नाडी रोज एकाच जागी करकचून बांधल्याने कमरेवर काळा वळ उठतो आणि घामाने तिथली त्वचा सोलवटते. नाडीऐवजी रुंद पट्टा लावून घेतल्यास साडीही नीट बसते.

पावसात पांढरी सलवार घालणाऱ्यांच्या धैर्याचे मला कौतुक वाटते. आपल्या तांबड्या मातीचा रंग लोहाचा असल्याने तिच्या डागावर क्लोरीनचे ब्लीच ओतणे ही घोडचूक ठरते. डाग जाण्याऐवजी अधिक पक्का होतो. चिखल वाळू द्यावा, झाडून टाकावा आणि मग साबण लावावा. पांढऱ्या सुती कापडावर तांबूस छटा उरलीच, तर लिंबू आणि मीठ चोळून पाहावे. हे शिंतोडे पाठीपर्यंत उडवते ती मात्र आपली सपाता: टाच मोकळी असल्याने ती प्रत्येक पावलाला चिखल मागे फेकते, म्हणून पावसाळ्यात मागे पट्टा असलेली रबरी सँडल वापरावी.

स्कूटरवर बसताना ओढणी दोन्ही टोकांनी कमरेशी बांधावी, कारण चाकात अडकलेली ओढणी गळ्याला फास लावते.

राहता राहिल्या ठेवणीतल्या साड्या. त्या ट्रंकेतून निघतात त्या गौरी-गणपतीला, म्हणजे नेमक्या भाद्रपदातल्या दमट दिवसांत; ओवशाला, म्हणजे सुपाने गौरी ओवसण्याच्या विधीला, नेसलेली जरीची साडी दिवसभर घामाने भिजते आणि रात्री दमलेल्या हातांनी घडी होऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत जाते. आत कोंडलेल्या ओलाव्याने रेशमावर बुरशीचे ठिपके येतात, जर काळवंडते, आणि मग दोष साडी विकणाऱ्याच्या माथी मारला जातो. साडी उतरवल्यावर निदान एक रात्र घरातच सावलीत, पंख्याखाली पसरून ठेवावी, सुती कापडात गुंडाळावी आणि पाऊस सरल्यावर कोरड्या दिवशी बाहेर काढून घडी बदलावी. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नयेत. घडी घालण्यापूर्वी पदर खांद्यापाशी चाचपून पाहावा, कारण तिथे विसरलेली एक सेफ्टी पिन पुढच्या गणपतीपर्यंत गंजून रेशमाला भोक पाडते.