लिमलेटच्या बरणीसमोर मधुमेही

पेठेतल्या जुन्या गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात उपाशीपोटी जाऊ नका. पुण्यातली अशी दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात असं धरून चाललेलं बरं. म्हणजे हाती उरते ती संध्याकाळी पाच-सहाची, नेमकी चहाची आणि भुकेची वेळ. निघण्यापूर्वी मूठभर शेंगदाणे किंवा वाटीभर उसळ खा. भरल्या पोटी गोळीची साखर रक्तात जरा सावकाश उतरते, आणि काउंटरवर तोंडून ‘पावशेर द्या’ निघत नाही.

पन्नास ग्रॅम मागा, आणि एकाच प्रकारची गोळी मागा. मालक कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. मिसळ गोळ्यांचा हिशोब लागत नाही, एकाच प्रकारचा लागतो. घरी पुडी सोडून गोळ्या मोजा आणि पन्नासला त्या संख्येने भागा. बारा भरल्या तर एक गोळी चार ग्रॅमच्या किंचित वर. हे सगळं वजन साखरेचंच धरायचं. साखर आणि लिक्विड ग्लुकोजचा पाक दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास आटवला की त्यात दोन-तीन टक्केच पाणी उरतं. बाकी नखभर सायट्रिक आम्ल, रंग आणि वास. वालचंद हिराचंद यांनी 1933 मध्ये रावळगावला साखर कारखाना काढला, आणि पुढे त्याच घरातून रावळगावच्या गोळ्या आल्या. गोळीचं कूळ इथेच कळतं.

तीन गोळ्या म्हणजे साडेबारा ग्रॅम. लहान फुलक्यात पंधरा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. म्हणजे तीन गोळ्या खायच्या तर रात्रीच्या ताटातला एक फुलका कमी करायचा. मात्र फुलक्याने पोट भरतं, गोळीने भरत नाही, म्हणून ही अदलाबदल रोज करू नये. गोळी चघळायची. कडाकडा चावली की मिनिटात संपते आणि हात पुडीकडे परत जातो.

लिमलेटबद्दल कुणाचा गैरसमज नसतो. घोळ होतो तो शेजारच्या, ‘औषधी’ वाटणाऱ्या बरण्यांपाशी. आलेपाकाची वडी खोकल्यावर म्हणून घेतली जाते, पण तिच्यात आल्यापेक्षा साखर कितीतरी जास्त. आवळा कँडी करताना आवळ्याच्या फोडी दिवसच्या दिवस साखरेत मुरवतात आणि मग वाळवतात. वर दिसणारी पांढरी भुकटी पिठीसाखरच. जिरागोळी आणि रंगीत बडीशेप यांच्यावर साखरेचे थर चढवलेले असतात, संक्रांतीच्या काटेरी हलव्यासारखेच. गुळाच्या चिक्कीचंही तेच. गूळ रंगाने सात्त्विक दिसतो, पण त्यातही बहुतांश साखरच. चिक्कीत शेंगदाणे असल्याने साखर हळू चढते एवढाच फरक. निम्मा गूळ धरला तर पंचवीस ग्रॅमच्या वडीत बारा-तेरा ग्रॅम गोड आहेच. उपवासाचा राजगिऱ्याचा लाडू तर दोन्हीकडून मारतो, कारण गुळाबरोबर राजगिऱ्याच्या लाह्याही रक्तात झपाट्याने साखर करतात. त्यापेक्षा नुसतं आमसूल तोंडात धरा. खारवलेला आवळाही चालेल, पण रक्तदाब असेल तर त्यातलं मीठ लक्षात ठेवा.

शुगर-फ्री गोळ्यांची बरणी असेल तर ती ज्या पाकिटातून भरली ते पाकीट बघायला मागा, सुट्या मालावर लेबल नसतं. त्यावर साखरेऐवजी घातलेल्या गोड पदार्थाचं नाव असतं. आयसोमाल्ट असेल तर रक्तातली साखर फारशी हलत नाही. माल्टिटॉलने मात्र चढते, साखरेच्या निम्म्याच्या आसपास. दोन्ही जास्त खाल्ले तर पोट गुडगुडतं आणि जुलाब होतात. सहा-सात गोळ्या एकदम खाऊ नयेत. शुगर-फ्री पेढ्यात वरून साखर नसेल, पण खव्याची स्वतःची दुधातली साखर असते: शंभर ग्रॅम खव्यात वीस ग्रॅमच्या आसपास. खजुराची ‘बिनसाखरेची’ बर्फी हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे.

कोणती गोळी आपल्याला किती नडते हे ग्लुकोमीटर सांगतो. खाण्याआधी एकदा आणि पहिल्या गोळीपासून दोन तासांनी एकदा तपासा. नंतरचा आकडा 180 च्या आत राहिला तर तेवढं प्रमाण निभावलं. डॉक्टरांनी वेगळी मर्यादा दिली असेल तर ती धरा. इथे एक चूक हमखास होते. पुडी हाताळलेल्या बोटावर साखरेचा चिकट थर असतो. त्याच बोटातून रक्त काढलं की आकडा भलताच वर येतो, आणि घाबरून इन्सुलिन वाढवलं जातं. स्पिरिटचा बोळा फिरवून भागवू नका. साबणाने हात धुवा, कोरडे करा, मग टोचा.

इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड ही औषधं साखर गरजेपेक्षा खाली नेऊ शकतात. ती घेणाऱ्यांसाठी हीच लिमलेट खिशातलं औषध आहे. घाम, थरथर, धडधड सुरू झाली आणि साखर 70 च्या खाली दिसली की पंधरा ग्रॅम साखर लगेच पोटात जायला हवी, म्हणजे वरच्या हिशोबाने चार गोळ्या. या वेळी मात्र चावूनच खायच्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर आणखी चार. पेढा किंवा चिक्की इथे उपयोगाची नाही, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा पोचते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

मधुमेहाच्या औषधाच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नाव आहे का ते आजच बघा. एकाच गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात, त्यामुळे ते नजरेतून सुटतं. ही औषधं आतड्यात साखरेचं विघटन लांबवतात, म्हणून अशा माणसाला लिमलेट वेळेवर लागू पडत नाही. त्याच्याजवळ मेडिकलमधली ग्लुकोज पावडर हवी, तीन चहाचे चमचे पाण्यात विरघळवून.

खिशातल्या चार गोळ्या कागदात नको, झाकणाच्या डबीत ठेवा. पुण्याच्या पावसाळी हवेत त्या ओल धरून कागदाला अशा चिकटतात की थरथरत्या हातांनी सोलता येत नाहीत.