पहिली-दुसरीच्या मुलाचं वाचन तपासताना या चुका टाळा

दुसरीतल्या एका पोरीनं मला पुस्तकातली अख्खी कविता घडाघडा वाचून दाखवली. मी खूश झाले. मग सहज मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं, तर तो तिला वाचता येईना. ती वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. चार महिने हे माझ्या ध्यानात आलं नाही, याचं वाईट अजून वाटतं.

म्हणून शिकवून झालेल्या धड्यावर वाचन तपासू नका. मुलाला एकट्याला जवळ बसवा, कधी न पाहिलेला मजकूर द्या आणि मोठ्यानं वाचू द्या. 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरच्या पाहणीतल्या चाचणीत पहिलीच्या पातळीच्या उताऱ्यापासून सुरुवात करतात. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. मूल नेमकं कुठं अडतं ते काही मिनिटांत कळतं.

नागपुरात आणखी एक चूक फार होते. 'पाणी'चं 'पानी' झालं किंवा 'डोळा'चा 'डोया' झाला, की आपण लाल रेघ मारतो. अरे, त्या लेकरानं अक्षर ओळखलंय, उच्चार तेवढा घरचा आहे! खात्री करायची तर "यातला ळ दाखव बरं" असं विचारा. घरी हिंदी किंवा गोंडी बोलणारं मूल शब्द बरोबर वाचतं, पण अर्थ सांगू शकत नाही. त्याला बाराखडी पुन्हा गिरवायला लावून उपयोग नाही, त्याच्याशी मराठीत भरपूर बोला. ध-घ, भ-म यांची गल्लत मात्र वेगळी. पहिलीत ती सगळ्यांचीच होते, दुसरी संपत आली तरी राहिली तर लक्ष द्या.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. सुटीनंतर पहिल्याच आठवड्यात चाचणी घेऊन मुलावर 'कच्चा' असा शिक्का मारू नका, दोन आठवडे सराव होऊ द्या. पण "मोठा झाला की येईल" म्हणत वर्ष घालवणं त्याहून वाईट. केंद्र सरकारच्या २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानं समजून वाचण्यासाठी तिसरीअखेरचं उद्दिष्ट ठेवलंय, ते याचसाठी.

अडलेला शब्द दहादा लिहायला लावू नका. रोज पंधरा मिनिटं आवाजांचे खेळ घ्या: 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं? एकाच अक्षराला काना, वेलांटी, मात्रा लावून वाचू द्या. डोळे आणि कान आधी तपासून घ्या.

दोन-तीन महिने नेमानं करूनही मूल तिथंच असेल, तर विशेष शिक्षकांना दाखवा. जाताना मुलाच्या वह्या आणि तुम्ही टिपलेल्या तारीखवार चुका सोबत न्या. नाव लागेल म्हणून घाबरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (म्हणजे डिस्लेक्सियासारख्या वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीचा) समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलाला परीक्षेत सवलती मिळतात.