आग विझवायचा सिलिंडर हातात आहे, पण पावडर वाया जाऊ नये म्हणून

चप्पल लाईनच्या अरुंद गाळ्यात चामडं आणि सोल्यूशन (चपला चिकटवायचा गोंद) पेटलं की माणूस घाबरून ज्वाळांवर पावडर मारतो. बुडातली आग तशीच राहते. ६ किलोचा एबीसी (घन, द्रव, वायू तिन्हींच्या आगीवर चालणारा पावडरचा) सिलिंडर जेमतेम १५-२० सेकंद चालतो.

१. आधी माणसं बाहेर काढा, कुणाला तरी १०१ ला फोन करायला सांगा, मेन स्विच बंद करा.
२. दार पाठीशी ठेवा. आग दाराच्या बाजूला असेल तर सिलिंडरच्या नादी लागूच नका.
३. पिन फिरवून ओढा. त्या वेळी वरचा दांडा दाबू नका. दाबला की पिन अडकते. हमखास होणारी चूक हीच!
४. लांबूनच क्षणभर दाबून पावडर येते का बघा.
५. ६-८ फुटांवरून आगीच्या बुडाशी, झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे मारा. सोल्यूशनच्या डब्यावर जवळून मारलं तर पेटतं सोल्यूशन उडून आग पसरते.

विझल्यावर आगीकडे बघतच मागे सरका, चामडं आतून धुमसत असतं.

थोडासा वापरलेला सिलिंडरही लगेच भरून घ्या. व्हॉल्व्हमध्ये पावडर अडकते आणि प्रेशर हळूहळू निघून जातं.